‘गेला’ आणि ‘म्हणे’ : चांगआनचा प्रवासी आणि मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा

१

मराठीतील प्रवासवर्णनाची समीक्षा बहुतांशी लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाभोवती फिरत राहिली आहे. प्रवासवर्णन ललित व्हायचे असेल तर स्थळाच्या माहितीपेक्षा प्रवाशाच्या मनावर उमटलेल्या ठशाला महत्त्व असावे, ही भूमिका अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकानंतर दृढ होत गेली, आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’च्या (१९६०) लोकप्रियतेने तिला जवळजवळ निकषाचे स्थान मिळाले. तिच्यामुळे हा वाङ्मयप्रकार रूक्ष माहितीच्या ओझ्यातून सुटला, हे मान्य केले पाहिजे. पण याच भूमिकेमुळे एक मूलभूत प्रश्न समीक्षेच्या बाहेर राहिला. प्रवासी जे सांगतो त्यातील किती त्याने पाहिले, किती ऐकले, किती आधीच वाचलेले होते, आणि हा फरक संहिता वाचकाला कळू देते की नाही, हा तो प्रश्न होय. त्याला प्रामाण्याचा प्रश्न म्हणता येईल. इतिहासकार तो विचारतो. साहित्यसमीक्षक तो इतिहासकाराकडे सोपवून मोकळा होतो.

एखाद्या प्राचीन राजधानीला दिलेल्या भेटीचे वर्णन वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही. शिआन हे चीनमधील शहर त्याचे उत्तम उदाहरण आहे. हान आणि तांग या राजवंशांची राजधानी चांगआन येथेच होती. मात्र आज तेथे जाणाऱ्या प्रवाशासमोर जी भव्य तटबंदी येते ती चौदाव्या शतकात, मिंग राजवटीत बांधलेली आहे. तिचा घेर सुमारे १४ किलोमीटर भरतो. तांगकालीन नगराच्या बाह्य तटाचा घेर सुमारे ३६ किलोमीटर होता. म्हणजे आजच्या तटाच्या आत उभा असलेला प्रवासी जुन्या राजधानीच्या एका लहान भागात उभा असतो. शहराच्या मध्यावरील घंटाघरही मिंगकालीनच. ज्या मृण्मय सैन्यासाठी जगभरचे लोक शिआनला येतात ते १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडले. ते चिन राजवंशाच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीशी निगडित असून तांग काळाहून सुमारे आठ शतकांनी जुने आहे. खुद्द तांग राजधानी इ. स. ९०४ मध्ये मोडून टाकण्यात आली. वाड्यांचे लाकूड उतरवून नदीमार्गे लोयांगकडे नेण्यात आले. ‘प्राचीन चांगआन पाहिले’ हे विधान म्हणूनच सरळ अर्थाने कोणालाही करता येत नाही. तेथे पाहणे हे वाचण्याच्या आधारावरच उभे असते. मीना प्रभू यांच्या ‘चिनी माती’सारख्या पुस्तकांनी चीन सर्वसामान्य मराठी वाचकाच्या परिघात आणल्यानंतर अशा संहिता कोणत्या कसोटीवर वाचाव्यात, याचा विचार होणे अगत्याचे ठरते.

ही कसोटी पाश्चात्त्य प्रवासलेखनमीमांसेतून उसनी आणण्यापूर्वी एका जुन्या ग्रंथाकडे वळणे उपयुक्त ठरेल. तो ग्रंथ चांगआनमध्येच सिद्ध झाला आणि त्यात महाराष्ट्राचे वर्णन आहे.

२

ह्युएन त्संग सातव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, शासनाची अनुमती नसताना, चांगआन सोडून पश्चिमेकडे निघाला आणि ६४५ साली परतला. परतल्यावर सम्राट ताइझोंगने त्याची भेट घेतली, संन्यास सोडून राजसेवेत येण्याची सूचना केली आणि ती नाकारली गेल्यावर पाहिलेल्या देशांचा वृत्तांत लिहून मागितला. ६४६ साली पूर्ण झालेला ‘महातांगकालीन पश्चिम प्रदेशांचा वृत्तांत’ हा त्या मागणीचा परिणाम होय. ह्युएन त्संगने सांगावे आणि बियान्जी या भिक्षूने शब्दबद्ध करावे, अशा रीतीने तो तयार झाला. त्यामुळे त्यात दोन हात आहेत, आणि दोन्ही हातांसमोर एक निश्चित वाचक आहे. तो वाचक म्हणजे राजधानीतील सम्राट.

ग्रंथाची रचना या वाचकाला साजेशी आहे. प्रत्येक देशाच्या नोंदीत विस्तार, राजधानीचा घेर, जमीन, हवामान, लोकांचा स्वभाव, राजा, सैन्य, विहार आणि भिक्षूंची संख्या असा क्रम साधारणपणे पाळलेला दिसतो. प्रवाशाची थकवणूक, भीती, आजारपण यांना येथे फारशी जागा नाही. ते सारे हुइली या शिष्याने रचलेल्या चरित्रात येते. एकाच प्रवासाच्या या दोन संहिता आहेत. आजच्या परिभाषेत पहिली माहितीची आणि दुसरी अनुभवाची. ललितत्वाचा निकष लावला तर पहिली संहिता प्रवासवर्णन या संज्ञेलाच पात्र ठरणार नाही.

तथापि या ‘रूक्ष’ संहितेत एक अशी शिस्त आहे की जी अनेक ललित प्रवासवर्णनांत आढळत नाही. ग्रंथाच्या अखेरीस बियान्जीने जोडलेल्या समारोपात एक संकेत स्पष्ट केला आहे : जेथे ‘चालत गेला’ या अर्थाचे क्रियापद वापरले आहे तो प्रदेश प्रवाशाने स्वतः तुडविलेला आहे, जेथे केवळ ‘पोहोचता येते’ या अर्थाचे क्रियापद आहे तेथील मजकूर ऐकीव आहे. पाहिलेले आणि ऐकलेले यांतील भेद येथे टीपेत किंवा प्रस्तावनेत ढकललेला नाही. तो क्रियापदाच्या निवडीत, म्हणजे भाषेच्या घडणीतच गुंफलेला आहे. वाचकाने कोठे विश्वास ठेवावा आणि कोठे थांबावे, हे वाक्यच त्याला सांगते.

या शिस्तीची पूर्वपरंपराही चांगआनचीच आहे. ३९९ साली तेथूनच निघालेल्या फाहियानने दक्षिण देशातील, डोंगर कोरून केलेल्या पाच मजली विहाराचे तपशीलवार वर्णन केले आहे. हत्ती, सिंह, घोडा, बैल आणि कबूतर यांचे आकार त्या मजल्यांना दिलेले आहेत, असे तो सांगतो. आणि लगेच कबूल करतो की तिकडचे रस्ते बिकट असल्याने आपण स्वतः तेथे जाऊ शकलो नाही. त्या देशाच्या लोकांनी सांगितले ते लिहिले. दख्खनच्या लेण्यांचे चिनी भाषेतील हे जुने वर्णन म्हणजे एका न झालेल्या प्रवासाचे वर्णन आहे. त्याची विश्वासार्हता त्या कबुलीत आहे.

३

ह्युएन त्संगची ‘मो-हो-ला-चा’ म्हणजे महाराष्ट्राची नोंद या दृष्टीने वाचली तर काय दिसते? इ. स. ६४१च्या सुमारास तो येथे आला. देशात येण्याच्या वाक्यात ‘चालत गेला’ हे क्रियापद आहे, म्हणजे संहिता साक्षीची हमी देते. पुढे लोकांचा स्वभाव येतो : ताठ, साधे, उपकार स्मरणारे, अपमानाचा सूड घेणारे, आणि सूड घेण्याआधी शत्रूला पूर्वसूचना देणारे. मग युद्धात हरलेल्या सेनापतीला शिक्षेऐवजी स्त्रीवस्त्रे देण्याची चाल येते, मद्य पाजलेल्या हत्तींची फळी येते, पुलकेशी राजाचे नाव येते. शेवटी हर्षवर्धनाने पाचही भारतांतील सैन्य जमवून स्वतः चाल केली तरी या लोकांना नमविता आले नाही, हे विधान येते. हर्ष हा ह्युएन त्संगचा आश्रयदाता होता. आश्रयदात्याचे अपयश नोंदविणे ही साधी बाब नव्हे.

या परिच्छेदातील प्रत्येक वाक्याचा दर्जा मात्र सारखा नाही. मत्त हत्तींची फळी किंवा पराभूत सेनापतीची विटंबना प्रवाशाने डोळ्यांनी पाहिली असण्याचा संभव कमी. देशात राहताना कानावर आलेले ते लोकवृत्त असावे. हीच नोंद पुढे राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरातील विहाराकडे वळते. हे वर्णन अजिंठ्याचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. विहार बांधणाऱ्या अर्हताचे जे नाव येथे येते त्याच्याशी जुळणारा स्थविर अचल याचा उल्लेख अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील शिलालेखात आहे. प्रवेशद्वाराजवळचे दगडी हत्तीही सोळाव्या लेण्याशी मेळ खातात. परंतु सत्तर फुटांच्या आसपास उंचीची बुद्धमूर्ती आणि तिच्यावर कोणत्याही आधाराविना तरंगणारी सात छत्रे यांचे काय करायचे? ह्युएन त्संग येथे तीन स्पष्टीकरणे नोंदवितो. जुन्या वृत्तांतानुसार हा अर्हताच्या संकल्पाचा प्रभाव. कोणी म्हणतात सिद्धी. कोणी म्हणतात औषधीविद्या. आणि शोध घेऊनही कारण निश्चित कळले नाही, असे सांगून तो विषय संपवितो. श्रद्धावान यात्रिक चमत्कारासमोर उभा राहून ‘म्हणतात’ एवढेच म्हणतो, ही बाब संहितेच्या नैतिक घडणीविषयी पुष्कळ सांगते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वृत्तांत ६४६ साली पूर्ण झाला. तत्पूर्वीच, ६४२च्या सुमारास, पल्लव नरसिंहवर्म्याने वातापी जिंकली होती आणि पुलकेशीची कारकीर्द संपली होती. चांगआनमध्ये सम्राटासमोर ज्या अजिंक्य राजाचे चित्र ठेवले गेले तो राजा ते चित्र पूर्ण होण्यापूर्वीच कोसळला होता. प्रवाशाने खोटे लिहिले असा याचा अर्थ नाही. त्याचे पाहणे एका क्षणाशी बांधलेले होते. लेखनाने त्या क्षणाला कायमपणाचे रूप दिले. शिवाय ज्या सम्राटासाठी हे लिहिले गेले तो ६४५ साली कोरियाई द्वीपकल्पातील कोगुर्यो राज्यावर स्वतः चाल करून गेला होता आणि यश न मिळता परतला होता. बलाढ्य सम्राटालाही न नमणारा एक दूरचा प्रदेश, ही गोष्ट त्या राजवाड्यात कशी वाचली गेली असेल, हा प्रश्न संहितेच्या अर्थनिर्णयात यायला हवा. महाराष्ट्राचे हे वर्णन महाराष्ट्रासाठी लिहिलेले नव्हते.

४

मराठी विद्याव्यवहारात हा परिच्छेद मात्र महाराष्ट्रासाठीच लिहिल्यासारखा वाचला गेला. त्याच्या येण्याचा मार्ग पाहण्यासारखा आहे. स्तानिस्लास जुलियँचे फ्रेंच भाषांतर १८५७-५८ मध्ये प्रसिद्ध झाले. सॅम्युएल बीलचे इंग्रजी भाषांतर १८८४ मध्ये आले. त्याच वर्षी रा. गो. भांडारकर यांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पुलकेशीच्या प्रकरणात या चिनी यात्रिकाच्या साक्षीचा आधार घेतलेला आहे. भांडारकरांचे विवेचन संयत आहे. परंतु पुढे शालेय इतिहासात आणि व्याख्यानांत या परिच्छेदाचा प्रवास सुरू झाला तेव्हा त्यातून विहार, भिक्षू, छत्रे, ऐकीव मजकूर हे सारे गळून गेले. उरले ते मराठी माणसाच्या मानी आणि लढवय्या स्वभावाचे प्रमाणपत्र. परकीयाने दिलेले असल्यामुळे ते अधिक ग्राह्य वाटले. ऐहोळे येथील ६३४ सालच्या शिलालेखात रविकीर्तीने पुलकेशीला तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य लाभल्याचे म्हटले आहे. पण तो दरबारी कवी. चांगआनचा भिक्षू निःपक्षपाती, असा हा तर्क. तोही एका दरबारासाठी लिहीत होता, याचा विसर पडला.

येथे वसाहतकालीन ज्ञानव्यवस्थेचा धागा महत्त्वाचा आहे. भांडारकरांचा ग्रंथ मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठी लिहिला गेला होता. तांग साम्राज्याच्या राजधानीत सम्राटासाठी रचलेला देशवृत्तांत बाराशे वर्षांनी दुसऱ्या एका साम्राज्याच्या देशवृत्तांतात सामावला गेला. दोहोंची मांडणी आश्चर्यकारकरीत्या सारखी आहे : विस्तार, जमीन, हवामान, लोक, स्वभाव, प्रेक्षणीय स्थळे. ज्याला साम्राज्याच्या नजरेचे लेखन म्हटले जाते त्याची ही दोन रूपे आहेत. पण एडवर्ड सैद यांची १९७८ची मीमांसा येथे जशीच्या तशी लावता येत नाही. ह्युएन त्संग ज्या भूमीचे वर्णन करतो ती त्याच्या दृष्टीने ज्ञानाचा उगम आहे. तो येथे शिकायला आला होता, ६५७ ग्रंथ घेऊन परतला, आणि त्या ग्रंथसंग्रहासाठी चांगआनमध्ये ६५२ साली मनोरा उभारला गेला. ‘महान हंस मनोरा’ या नावाने तो, पुढे झालेल्या पुनर्बांधणीसह, आजही शिआनमध्ये उभा आहे. साम्राज्यासाठी लिहिणारा हा प्रवासी साम्राज्याच्या सीमेपलीकडे शिष्य म्हणून गेला होता. ही दुहेरी भूमिका गॅझेटियरच्या लेखकाजवळ नाही.

त्या फरकाचा परिणाम एखाद्या गावाच्या नोंदीत तपासता येतो. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या स्थळवर्णनाच्या खंडात भिवंडी आहे आणि भिवंडीपासून जवळच्या लोनाडची लेणीही आहेत. ह्युएन त्संगच्या मार्गात हा भाग येत नाही. त्याने वर्णिलेले कोंकणपूर कोठे होते याविषयी मतभेद आहेत, आणि अभ्यासकांचा कल ते बरेच दक्षिणेस शोधण्याकडे आहे. कल्याणच्या दात्यांची नावे कान्हेरीच्या शिलालेखांत वारंवार येतात. म्हणजे बौद्ध जगाशी या खाडीकाठचे नाते जुने होते. पण चांगआनच्या प्रवाशाने तेथे पाऊल ठेवले नाही आणि ऐकीव माहितीच्या आधारे तेथील नोंदही केली नाही. त्याच्या ग्रंथात या जागी मौन आहे. गॅझेटियर असे मौन ठेवू शकत नाही. प्रत्येक तालुका भरला गेलाच पाहिजे, ही त्याची प्रतिज्ञा असते. मग पाहिलेले, सरकारी दप्तरातले आणि मामलेदाराने कळविलेले यांचा एकच सलग, निःशंक स्वर तयार होतो.

भिवंडीच्या पुढील वाङ्मयीन नशिबात या स्वराचा वाटा आहे. यंत्रमागांचे शहर, आणि १९७० व १९८४च्या दंगलींचे शहर, एवढ्या दोन वाक्यांत ते बाहेरच्या लेखनात पुनःपुन्हा येते. ही वाक्ये असत्य नाहीत. पण ती लिहिणाऱ्यांपैकी कोण ‘चालत गेले’ आणि कोणी केवळ ऐकले, हे त्या लेखनातून कळत नाही. १९७०च्या दंगलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. मादन आयोगाला साक्षींमधून पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे करावे लागले, कारण न्यायव्यवहारात ऐकीव साक्षीला मर्यादा असतात. अफवा कशी पसरते आणि तिची किंमत कोण मोजते, हे ज्या शहराने अनुभवले त्याच्यासंदर्भात प्रामाण्याचा प्रश्न हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

५

मराठी गद्यपरंपरेत ही जाणीव अजिबात नव्हती, असे म्हणता येणार नाही. पंडिता रमाबाईंच्या १८८९ सालच्या ग्रंथाचे नावच ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ असे आहे. देशाची स्थिती आणि प्रवाशाचे वृत्त या दोन वस्तू आहेत, त्या एकमेकींत विरघळवू नयेत, असा विवेक त्या ‘आणि’मध्ये दिसतो. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हे दुसरे उदाहरण. १८५८ साली झाशीच्या वेढ्यात गोडसे स्वतः शहरात होते. त्याच ग्रंथात बंडाविषयी वाटेत ऐकलेला मजकूरही विपुल आहे. या ग्रंथाची पहिली आवृत्ती चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली काढली ती फेरफार करून. मूळ हस्तलिखितावर आधारलेली संहिता द. वा. पोतदारांनी १९६६ साली उपलब्ध करून दिली. म्हणजे बियान्जीप्रमाणे येथेही दुसरा हात आहे. फरक एवढाच की बियान्जीने संकेत उघड केला, आणि वैद्यांच्या हाताचे कार्य समजायला मराठी वाचकाला जवळजवळ सहा दशके थांबावे लागले. या दोन ग्रंथांची चर्चा समाजशास्त्र आणि इतिहास यांच्या अंगाने बरीच झाली. प्रवासवर्णनाच्या काव्यशास्त्राच्या अंगाने ती व्हायची आहे.

या काव्यशास्त्राचे एक साधन मराठी भाषेत तयारच आहे. ‘म्हणे’ हे अव्यय मराठीत वाक्याचे प्रामाण्य बदलते. ‘तेथे सोन्याचे छत्र होते’ आणि ‘तेथे सोन्याचे छत्र होते म्हणे’ ही दोन वाक्ये आशयाने एक, पण साक्षीने भिन्न आहेत. दुसऱ्या वाक्यात बोलणारा स्वतःची हमी काढून घेतो. प्रसंगी सूक्ष्म शंकाही सूचित करतो. ‘असे सांगतात’, ‘असे ऐकिवात आहे’ यांहून हे वेगळे आहे. ती वाक्ये स्रोताकडे बोट दाखवितात. ‘म्हणे’ बोलणाऱ्याच्या अंतराकडे दाखविते. मराठीला यासाठी तीन अक्षरांहून अधिक काही लागत नाही. बियान्जीच्या दोन क्रियापदांतील भेद मराठीत आणायचा तर ‘गेला’ आणि ‘म्हणे’ ही जोडी जवळची ठरेल. इंग्रजीमार्गे आलेला महाराष्ट्राचा परिच्छेद मराठीत उद्धृत होताना त्यातील ‘म्हणे’ मात्र हरवले. मत्त हत्तींचे वाक्य आणि चालत आल्याचे वाक्य एकाच पट्टीत बसले.

ललित प्रवासवर्णनातही ‘म्हणे’ येते, पण बहुधा विनोदासाठी : परदेशी मार्गदर्शकाच्या बढाईची किंवा स्थळाच्या दंतकथेची फिरकी घेण्यासाठी. तेथे ते प्रामाण्याचे चिन्ह न राहता निवेदकाच्या मिस्किलपणाचे चिन्ह होते, आणि समीक्षा त्याची नोंद ‘खुमासदार शैली’ या सदरात करते. भाषेने जे साधन ज्ञानव्यवहारासाठी दिले ते केवळ व्यक्तिमत्त्वदर्शनासाठी वापरले गेले. ही हानी लहान नाही.

६

यावरून समीक्षेसाठी काही निकष सुचविता येतात. प्रवासवर्णन वाचताना प्रथम त्याचा उद्दिष्ट वाचक कोण, हे पाहावे. सम्राट, सरकार, घरी राहिलेला मध्यमवर्ग किंवा पुढचा यात्रिक यांपैकी कोणासाठी लिहिले आहे त्यावर काय दिसते आणि काय दिसत नाही हे ठरते. दुसरे, पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले यांतील भेद संहिता भाषिक पातळीवर कसा करते, हे तपासावे. क्रियापदे, अव्यये आणि काळ यांचा अभ्यास त्यासाठी हवा. तिसरे, पाहण्याचा क्षण आणि लिहिण्याचा क्षण यांतील अंतर मोजावे. पुलकेशीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. चौथे, प्रवाशाच्या मौनाला अर्थ द्यावा. जेथे तो गेला नाही तेथील रिकामी जागा ही उणीव असतेच असे नाही. पुष्कळदा ती सचोटी असते.

या निकषांमुळे लालित्याचा निकष रद्द होत नाही. मिंग तटाखाली उभ्या असलेल्या प्रवाशाने, आपल्या पायाखालचे तांग नगर मोडून नदीतून वाहून नेले गेले होते हे जाणून लिहिले, तर त्याच्या विस्मयात काही कमी पडणार नाही. उलट जे दिसत नाही त्याची ओढ त्यात उतरेल. महान हंस मनोऱ्यासमोर उभ्या असलेल्या मराठी प्रवाशाला आणखी एक गोष्ट लिहिता येण्यासारखी आहे. या मनोऱ्याशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्याने महाराष्ट्राविषयी जे लिहिले त्यात पाहिलेले किती आणि ‘म्हणे’ किती, हे आपण आजवर विचारलेले नाही. तो प्रश्न घेऊन परतणाऱ्या प्रवाशाला लोनाडच्या लेण्यांविषयी आणि त्यांच्या खालच्या शहराविषयीही निराळ्या क्रियापदांत लिहावे लागेल.